बागा म्हणजे मणी

पोर्तुगालमधल्या कुइंब्रात सप्टेंबरच्या शेवटी पाऊस लागला की आमच्या घरमालकीण बाई गॅलरीत जाऊन उभ्या राहतात. वाळत घातलेले कपडे त्यांनी आधीच आत घेतलेले असतात, तरी उभ्या राहतात, उत्तरेकडं तोंड करून. तिकडं तीसेक किलोमीटरवर आनादिया नावाचं गाव आहे, तिथं त्यांच्या थोरल्या भावाची द्राक्षबाग आहे आणि तोडणीला अजून आठ-दहा दिवस असतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. मी तासगावची, आमची पण द्राक्षबाग. फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की आण्णा असेच ओट्यावर येऊन उभे राहायचे, रात्री दोन वाजता सुद्धा, आणि आई आतनं नुसती विचारायची, "पडतोय का?" पुढं कुणी काही बोलायचं नाही.

तर हे सगळं एका पोर्तुगीज रेड वाइनबद्दल आहे, ती कशाबरोबर घेतात त्याबद्दल आहे, पण पावसाशिवाय ते सुरूच करता येत नाही मला. कारण ही वाइन ज्या द्राक्षाची होते ते उशिरा पिकतं, सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरात, आणि नेमका तेव्हाच अटलांटिकवरून पाऊस यायला लागतो. लवकर तोडलं तर हिरवं राहतं, थांबलं तर कुजायची भीती. म्हणजे दरवर्षी जुगारच. ज्या वर्षी पाऊस थांबला त्या वर्षीची बाटली वीस वर्षं टिकते, ज्या वर्षी नाही थांबला त्या वर्षीचं कुणी बोलत नाही.

भागाचं नाव बायराडा. कुइंब्रा आणि आवैरू या दोन शहरांच्या मधला पट्टा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बुसाकुचा डोंगर. बार्रु म्हणजे चिकणमाती, त्यावरून बायराडा असं इथं सांगतात, आणि ती माती चुनखडीची आहे, ओली झाली की बुटाला अशी चिकटते की पाय उचलेना. आणि द्राक्षाचं नाव बागा. हो, बागा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बाई मराठी शब्द कुठनं शिकल्या. पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे बारकं गोल फळ, म्हणजे आपल्याकडं द्राक्षाचा जो मणी तोच. आम्ही घरी बाग म्हणायचो वेलींना आणि मणी म्हणायचो फळाला, इथं मण्यालाच बागा म्हणतात. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, आले तेव्हा पहिले काही महिने खूप एकटं एकटं वाटायचं, त्या दिवसांत या एका शब्दाने मला किती बरं वाटलं ते सांगता नाही येणार.

बाईंनी मला पहिल्यांदा ही वाइन दिली ती जेवणात. त्याआधी मी एकदा आपली आपण आणली होती, सुपरमार्केटमधून, शुक्रवारी संध्याकाळी, नुसती प्यायला, आणि दोन घोटांत बाजूला ठेवली. आंबट आणि तुरट, इतकी तुरट की जीभ टाळ्याला चिकटली, कच्चं करवंद चावल्यावर होतं तसं. मी बाईंना म्हटलं की बाटली खराब निघाली. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, म्हणाल्या खराब नाही, आणि मग स्वयंपाकघरातून पाव आणला, बशीत ऑलिव्ह आणले आणि सुकवलेल्या सॉसेजचे, म्हणजे शोरिसूचे, चार काप तव्यावर नुसते गरम करून आणले, चरबी सुटेपर्यंत. "ही एकटी नाही प्यायची, मनीना," त्या म्हणाल्या. मनीना म्हणजे मुली, पोरी. मी पन्नाशीची झाले तरी त्या मला मनीनाच म्हणतील. मी तो काप खाल्ला, मग घोट घेतला, आणि तीच वाइन दुसरीच लागली. तुरटपणा कुठं गेला कळलं नाही, जांभळासारखा वास वर आला, आणि तोंडातली चरबी स्वच्छ धुऊन निघाली, पुढचा काप खायला जीभ परत तयार.

हे होतं कशाने ते नंतर मी वाचलं, माझं कामच झाडांच्या रसायनांवर असल्यामुळं मला ते सोडवेना. टॅनिन नावाचं द्रव्य द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठात असतं. ते तोंडात गेलं की लाळेतल्या प्रोटीनला धरून बसतं, लाळेचा ओलसर गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. तोच तुरटपणा. पण तोंडात मांस असेल, चीज असेल, तेल असेल, तर टॅनिन त्याला धरतं आणि जीभ मोकळी राहते. बागाचा मणी लहान आणि साल जाड, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून टॅनिन भरपूर, आणि समुद्राच्या गार हवेमुळं आंबटपणाही भरपूर. दोन्ही एकदम. असली वाइन नुसती प्यायला बनलेलीच नाही, ती ताटाचा भाग आहे, भाकरीसारखी.

आणि इथंच मला आपल्या आणि त्यांच्या जेवणातला एक फरक कळला, तो मी अजून कुठं वाचलेला नाही पण मला तो मनापासून खरा वाटतो. आपण आंबट आणि तुरट ताटातच घालतो. मटणाबरोबर लिंबाची फोड, मासळीत कोकम, आमटीत चिंच, जेवणानंतर सोलकढी नाहीतर ताक, आणि सगळ्यात शेवटी सुपारी. तुरट हा आपल्या सहा रसांतला एक रस आहे, त्याला जागा आहे. त्यांच्या ताटात बघा, भाजलेलं मांस, मीठ, लसूण, मिरी, चरबी, उकडलेला बटाटा, पाव. आंबट नाही, तुरट तर नाहीच. मग ते कुठून यायचं? ग्लासातून. त्यांचं कोकम बाटलीत असतं. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्या पदार्थाबरोबर ही वाइन जाईल आणि कुठल्याबरोबर नाही हे विचारायला लागत नाही, जिथं जिथं तुमचा हात आपोआप लिंबाकडं जाईल तिथं तिथं ही जाते.

आता लैतांव. लैतांव म्हणजे दूध पिणारं डुकराचं पिल्लू, महिना-दीड महिन्याचं. आमच्या घरात डुकराचं मांस कधी शिजलेलं नाही, मटण व्हायचं रविवारी आणि तेही आण्णांचं ताट वेगळं, ते माळकरी, त्यामुळं मला मनाची तयारी करायला वेळ लागला आणि ज्यांना नाही चालणार त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढं जावं, मी समजू शकते. लैतांव खायचं तर मियाल्याडाला जायचं. कुइंब्राहून वीस किलोमीटर, लिस्बन ते पोर्तु जाणारा जुना हायवे या गावातून जातो आणि दोन्ही बाजूला एकामागं एक लैतांवची हॉटेलं, ट्रकवाले, लग्नाची वऱ्हाडं, रविवारची कुटुंबं, सगळे तिथं. या गावाने आपल्या ताटातल्या चार गोष्टींचा अभिमान धरलाय, पाणी, पाव, वाइन आणि लैतांव. पाणी शेजारच्या लुझूच्या झऱ्याचं.

आम्ही गेलो त्या ठिकाणी मागं भट्टी होती आणि बाईंच्या ओळखीमुळं मला आत जाऊन बघता आलं. विटांचा बुटका घुमट, तोंडाशी लाकडाची धग, आणि अख्खं पिल्लू लांब दांड्यावर ओवलेलं. पोटात मसाला भरून शिवलेलं. मसाला काय तर लसूण, मीठ, भरपूर मिरी, तमालपत्र आणि डुकराची चरबी, सगळं कुटून केलेला लगदा. बस्स. साधारण दोन तास, सारखं फिरवत. मला जे बघून थांबायला झालं ते मधलं एक काम. भाजणारे काका दांडा भट्टीतून बाहेर काढतात आणि तसाच धरून ठेवतात, गार हवेत, फडक्याने कातडी पुसतात, आणि मग परत आत घालतात. या प्रकाराला ते म्हणतात पिल्लाला सर्दी करवणं. गरमातून एकदम गारात आणि परत गरमात, त्याने कातडी फुलते आणि काचेसारखी होते. ताटात आली तेव्हा तिचा रंग मधासारखा होता आणि दाताखाली कुरडई मोडावी तशी मोडली, आवाजासकट, आणि तिच्या खाली लगेच लोण्यासारखं मऊ मांस, मिरीचा झणका नाकात. कापतात सुरीने नाही, मोठ्या कात्रीने. बाजूला संत्र्याच्या गोल चकत्या, बटाट्याचे तळलेले पातळ काप, पानांचं सॅलड.

संत्र्याची चकती पाहिल्यावर मला वाटलं, हं, म्हणजे आंबट लागतंच यांनाही. आणि त्याबरोबर बागा. तरुण बागा, दोन-तीन वर्षांची, जरा थंड केलेली. खारट, तिखट मिरी, चरबी, आणि त्यावरून हा आंबट-तुरट घोट. टेबलावर निम्म्या लोकांनी रेड न घेता इश्पुमांत घेतली होती, म्हणजे फसफसणारी वाइन, तीही इथलीच, १८९० मध्ये पोर्तुगालमधली पहिली अशी वाइन आनादियातच केली गेली. लैतांवबरोबर फसफसणारी छान जातेच, नाही म्हणत नाही, बुडबुडे चरबी कापतात. बागापासनं केलेली लाल फसफसणारी पण मिळते, तीही घेतात. पण मला विचाराल तर साधी लाल, न फसफसणारी. कात्रीचा आवाज, संत्रं आणि ती.

बाईंचं म्हणणं वेगळं. त्या म्हणतात लैतांव हे हॉटेलातलं खाणं, बागाचं खरं सासर म्हणजे शांफाना. शांफाना म्हणजे म्हाताऱ्या शेळीचं मटण, लाल वाइनमध्ये बुडवून, काळ्या मातीच्या भांड्यात, लाकडाच्या भट्टीत कित्येक तास. म्हातारी शेळी, जिचं दूध आटलंय, जिचं मांस साधं शिजवलं तर चामड्यासारखं राहील, ती. त्यात लसूण, तमालपत्र, लाल मिरचीची गोड पूड, थोडी चरबी, आणि पाण्याच्या जागी सगळी वाइनच. पाणी थेंबभर नाही. हा पदार्थ कुइंब्राच्या पूर्वेकडच्या डोंगराळ गावांचा, मिरांदा दु कोर्वु, विला नोव्हा द पोयारेश, आणि दोन्ही गावं म्हणतात की शांफानाची राजधानी आम्हीच. पाणी का नाही याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी की फ्रेंचांची स्वारी आली तेव्हा शत्रूला पाणी मिळू नये म्हणून लोकांनी पाण्यात विष कालवलं, मग शिजवायला वाइनच उरली. दुसरी अशी की सेमीदच्या मठातल्या जोगिणींना खंड म्हणून शेळ्या मिळायच्या, एवढ्या शेळ्या पोसणार कशा, मग कापून वाइनमध्ये शिजवून ठेवायच्या, टिकायच्या. खरी कुठली ते राहू दे, पण दुसरी मला जास्त पटते, कारण तिच्यात काटकसर आहे आणि शेतकऱ्याच्या घरातला पदार्थ काटकसरीतूनच येतो.

फ्रेंचांच्या स्वारीवरून आठवलं. मियाल्याडाच्या वर जो बुसाकुचा डोंगर आहे तिथं २७ सप्टेंबर १८१० ला मोठी लढाई झाली, मासेनाच्या फ्रेंच फौजेला वेलिंग्टनने अडवलं. मी तिथं फिरायला गेले होते, घनदाट जंगल, धुकं, आणि पाटीवर नाव वाचलं तेव्हा लक्षात आलं की हा तर आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच. सात वर्षं आणि चार दिवस. जालन्याच्या त्या काळ्या मातीतून हा माणूस या धुक्यात आला. शाळेत असई पाठ केली तेव्हा बुसाकुचं नावही नव्हतं आणि इथल्या लोकांना असईचं नाही. डोंगरावर आता राजवाड्यासारखं हॉटेल आहे, त्याच्या तळघरात स्वतःची वाइन मुरते, बायराडाची बागा आणि पलीकडच्या दांव भागातलं तोरिगा नॅसिओनाल नावाचं द्राक्ष अशी मिसळ. मी प्यायलेली नाही, परवडत नाही.

शांफानाकडं परत येते. भट्टीतून काढल्यावर तो काळाच दिसतो, वाइन आटून आटून. मांस हाडापासून आपसूक सुटतं, आणि रस्सा असा की त्यात बटाटा चुरून खावासा वाटतो, बोटाने. रश्श्यातली वाइन आणि ग्लासातली वाइन एकच असली की एक वेगळं समाधान असतं, एकमेकांना ओळखतात ती. उरलेल्या रश्श्यात दुसऱ्या दिवशी पाव आणि कोबी घालून सूप करतात, त्याला लग्नाचं सूप म्हणतात. शांफानाला जुनी बाटली लागते, दहा वर्षांच्या पुढची. मुरलेल्या बागाचा तुरटपणा मऊ होतो, वास बदलतो, जांभूळ जाऊन ओला पाला, सुकलेलं अंजीर, चहाची पत्ती, तंबाखू असं काही येतं. आंबटपणा मात्र तसाच, तो हटत नाही, त्याच्यामुळंच तर ही वाइन टिकते. जुनी बाटली तासभर आधी हळू सुरईत ओतून ठेवायची, गाळ खाली राहू द्यायचा. जी तरुण आहे ती तर आदल्या दिवशीच उघडली तरी बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी सुधारते उलट.

मासळीबरोबर रेड नाही हा नियम इथं कुणी पाळत नाही. बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, भाजून वर ऑलिव्हचं तेल आणि लसूण ओततात तेव्हा लाल वाइनच घेतात घराघरात. मोंदेगु नदीत हिवाळ्याच्या शेवटी लांप्रैया येतो, सापासारखा लांब मासा, त्याचा भात त्याच्याच रक्तात आणि लाल वाइनमध्ये करतात, पेनाकोव्हाला लोक खास तेवढ्यासाठी जातात. मी एकदा खाल्ला. पुन्हा नाही खाणार, पण वाइन शोभली, हे कबूल करते.

शाकाहारी लोकांनी नाराज होऊ नये, कारण मला वाटतं या वाइनचा सगळ्यात सुंदर जोडीदार त्यांनाही चालणारा आहे. सेर्रा द इश्त्रेला हे इथलं डोंगरातलं मेंढीच्या दुधाचं चीज. दूध विरजायला वासराच्या पोटातलं काही वापरत नाहीत, एका रानटी काटेरी फुलाचे जांभळे तुरे मिठाबरोबर वाटून घालतात. फुलाने दूध फाटतं. हिवाळ्यात मिळतं तेव्हा आत अगदी पातळ असतं, वरची साल टोपीसारखी कापायची आणि चमच्याने काढून पावावर घ्यायचं, जरासं कडवट, जरा खारट, श्रीखंडाला मेंढीचा वास यावा तसं. त्यावर मुरलेली बागा. आण्णा आले होते तेव्हा मी त्यांना फुलाची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठं त्यांनी चव घेतली. म्हणाले, "खरवसाचा भाऊ दिसतोय."

माझ्या स्वयंपाकघरातलं पण सांगते कारण इथल्या मराठी मैत्रिणी मला हेच विचारतात. तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन घेऊ नका. मी मोठ्या उत्साहाने केला होता, तासगावहून आणलेली चटणी घालून, आणि पहिल्या घोटाला तोंडात आग झाली. मिरचीने जीभ आधीच सोललेली असते, त्यावर टॅनिन आणि अल्कोहोल म्हणजे जखमेवर मीठ. रस्सा बिघडला आणि वाइन पण. पांढऱ्या रश्श्याबरोबर जमलं, खसखस, नारळ आणि मिरीचा तिखटपणा, तो वेगळा, तो चालतो. शेंगदाण्याचं कूट आणि तीळ भरलेलं वांगं, चटणी निम्मी करून, तेही जमलं, कुटाच्या तेलामुळं. गोव्यात विंदालू म्हणतात त्याचं मूळ पण इथलंच, विन्या द आल्युश, वाइन आणि लसणाचं मुरवण, तिकडं जाऊन वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं आणि मिरची आली. म्हणजे आंबट परत बाटलीतून निघून हंडीत आलं. मला हा प्रवास फार आवडतो.

बागाला चांगले दिवस येऊन फार वर्षं झाली नाहीत. १७५६ मध्ये पोर्तुगालचा कारभार बघणाऱ्या मंत्र्याने, पोंबालच्या मार्क्विसने, पोर्ट वाइनसाठी दोरू खोऱ्याची हद्द आखली, आणि पोर्टमध्ये बाहेरची भेसळ नको म्हणून पुढं बायराडातल्या वेली उपटायला लावल्या. उपटायला लावल्या. हे वाक्य मी आण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. द्राक्षवाल्याला ते नुसतं ऐकून सुद्धा पोटात खड्डा पडतो. भागाला स्वतःची अधिकृत ओळख मिळायला १९७९ उजाडलं. मधल्या काळात बागा कुठं कुठं खपत होतं, १९४२ ला सुरू झालेल्या त्या प्रसिद्ध मातेउश रोझे नावाच्या गुलाबी वाइनमध्ये पण जायचं, नाव कुणाला कळायचं नाही. पूर्वी देठासकट घड कुंडात तुडवायचे, पिंपात भरायचे, आणि ती वाइन प्यायलायक व्हायलाच दहा वर्षं लागायची. पिंप हा शब्द आपण इथूनच उचललाय, पीपा, वाइनचं लाकडी पीप. आमच्या घरी पिंपात औषध कालवायचे फवारणीचं.

मग लुईश पातु सारखी माणसं आली. पातु म्हणजे बदक, त्यांच्या बाटलीवर बदक असतं. त्यांनी देठ काढून टाकायला सुरुवात केली, वेलीवरचे घड कमी करून उरलेले नीट पिकू दिले, आणि जगाला दाखवलं की द्राक्ष वाईट नाही, घाई वाईट आहे. त्यांची मुलगी फिलिपा पातु स्वतःची वेगळी वाइन करते, हलक्या हाताची. बाजारात कबर्ने, मर्लो या फ्रेंच द्राक्षांना मागणी होती आणि कित्येकांनी बागाच्या वेली काढून ती लावली, त्यात त्यांचा दोष नाही, शेतकऱ्याला पैसे हवेत. आम्ही सुद्धा जुनी बाग काढून नवी व्हरायटी लावलीय. पण ज्यांनी नाही काढली त्यांचे उपकार आहेत.

आण्णा आले ते सप्टेंबरच्या मध्याला. छाटणीच्या आत परत पोचायचं या अटीवर. मी वाइन पिते हे त्यांना सांगायला मला दोन वर्षं लागली होती, आणि सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "किलोला दर काय देतात?" बाईंच्या भावाच्या बागेत आम्ही गेलो तेव्हा दोन दिवस पाऊस झालेला, मातीने तिघांचे बूट जड. वेली म्हाताऱ्या, मांडीएवढी खोडं, मांडव नाही, तारा नाहीत नीट, कमरेएवढ्या झुडपासारख्या. आण्णांनी एक घड तळहातावर घेतला आणि वजन केल्यासारखा हलवला. घड गच्च, मण्यात मणी घुसलेला, बोट जाईना मध्ये. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "विरळणी करत नाहीत का गं ही लोकं? आत पाणी साठून कुजंल की सगळं." मी भाषांतर केलं. काका, म्हणजे बाईंचे भाऊ, म्हणाले, बरोबर आहे, कुजतंच, त्याचीच तर झोप नाही. आण्णा म्हणाले, आम्ही मणी मोकळा करतो, जीएमध्ये, मणी मोठा करायच्या औषधात, बुडवतो, अठरा एमएम झाला पाहिजे. काकांनी मला परत विचारलं, अठरा मिलिमीटर? मण्याचा? मग स्वतःच्या घडातला एक मणी तोडून करंगळीच्या नखाशेजारी धरला. मोठा मणी म्हणजे पाणी, ते म्हणाले, मला साल पाहिजे.

आण्णांनी तो मणी तोंडात टाकला, दातांत धरून साल वेगळी केली आणि बराच वेळ चघळत राहिले, डोळे बारीक करून. बिया हातात काढल्या, तपकिरी झाल्यात का बघितलं. "साल तुरट. बी पिकायचंय अजून. आठ दिवस तरी ठेवा म्हणावं." काका हसले नाहीत, मान डोलावली, कारण त्यांचाही हिशोब तोच होता. मग खुंटावर, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधतात त्यावर, बोलणं गेलं. आमच्याकडं डॉगरिजच्या खुंटावर कलम असतं, इथंही अमेरिकन खुंटच, फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाऊन युरोपच्या बागा संपवल्या तेव्हापासून. लुईश पातुंनी १९८८ मध्ये रेताड जमिनीत एक तुकडा बिनकलमाचा लावलाय, वाळूत ती कीड टिकत नाही, हे काकांनी सांगितलं तेव्हा आण्णांनी दोनदा विचारलं, "स्वतःच्या मुळावर?" दोघं वाकून खोडाला हात लावून बघत होते आणि मी मध्ये उभी, एकीकडून तासगावची मराठी, एकीकडून आनादियाची पोर्तुगीज, आणि खरं तर त्यांना माझी फारशी गरजच नव्हती.

जेवायला काकांच्या घरी. आण्णांसाठी बटाटे, कोबीचं सूप, पाव, ऑलिव्ह, ते चीज. आमच्यासाठी शांफाना आणि काकांनी स्वतः केलेली वाइन, बिनलेबलची बाटली, खडूने वर्ष लिहिलेलं. आण्णांनी ग्लास हातात घेतला, उजेडात धरला, वास घेतला, आणि तसाच माझ्यापुढं ठेवला. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच प्यायले. ते बघत होते. मी काय बोलते याची वाट बघत होते असं वाटलं, जसं व्यापारी पहिला मणी तोंडात टाकल्यावर बघायचे. मी म्हटलं, चांगली झालीय आण्णा. त्यांनी काकांना मान हलवून सांगितलं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इथं चार दिवस पाऊस होता. तिकडं तासगावात छाटणी चालू होती, आण्णांचा फोन आला, छाटणीचं बोलतील असं वाटलं.

"तिकडं पडतोय का?" त्यांनी विचारलं.

"पडतोय."

"काकांचा माल निघाला?"

"निघाला आण्णा. रविवारीच काढला, पाऊस यायच्या आधी."

"बियांचं बघितलं होतं का त्यांनी?"

"बघितलं होतं. तपकिरी झाल्या होत्या."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीकडं तोंड करून आईला मोठ्याने सांगितलं, "निघालाय गं त्यांचा माल."